निसिपेआनू शेवटच्या चारात कसा पोचला? नॉकआउट बुद्धिबळाचं गणित, सोप्या भाषेत

१९९९ चा ऑगस्ट महिना. लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस, म्हणजे जिथे लोक रात्रभर पत्ते कुटतात आणि मशीनमध्ये पैसे घालून हात हलवत परत येतात, तिथे बुद्धिबळाची वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू होती. शंभर खेळाडू आले होते. त्यातले शेवटचे चार उरले तेव्हा ती नावं बघून भल्याभल्यांना कळेना की हसावं का रडावं. इंग्लंडचा मायकेल अॅडम्स, ठीक आहे, तो टॉपचा होता. आर्मेनियाचा व्लादिमिर अकोपियन, रशियाचा अलेक्झांडर खलिफमन, हे पण ग्रँडमास्टर वर्तुळात माहितीतले. आणि चौथा कोण तर रोमानियाचा लिव्हिउ-डिटर निसिपेआनू, वय २३, ज्याचं नाव स्पर्धेआधी कुणाच्या अंदाजातही नव्हतं. आणि तो काही सोपे प्रतिस्पर्धी मिळून घसरत घसरत आला नव्हता बरं का, येताना त्याने वासिली इवान्चुक आणि अलेक्सी शिरॉव या दोघांना घरी पाठवलं होतं. दोघेही २७०० रेटिंगच्या वरचे, आणि त्या काळात २७०० च्या वर असणारे लोक हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच होते.

आता प्रश्न असा की हे झालं कसं? नशीब, फॉरमॅट, का पोरगा खरंच तेवढा चांगला होता? माझं मत आधीच सांगून टाकतो, तिन्ही थोडं थोडं, पण लोक फक्त पहिल्या दोघांबद्दल बोलतात. ते नीट समजायचं असेल तर रेटिंग काय असतं, नॉकआउट काय करतं आणि त्या वेळी बुद्धिबळात दोन दोन वर्ल्ड चॅम्पियन का होते, हे बघावं लागतं.

शेवटच्यापासून सुरू करू. १९९३ मध्ये गॅरी कास्पारॉव आणि त्याचा चॅलेंजर नायजेल शॉर्ट यांनी फिडेला, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला, सांगितलं की आमची मॅच आम्हीच भरवतो, तुम्ही नको. फिडेने कास्पारॉवचा किताब काढून घेतला आणि माजी चॅम्पियन अनातोली कार्पोव विरुद्ध नेदरलँड्सचा यान टिमन अशी वेगळी मॅच लावली, कार्पोव जिंकला. झाले दोन चॅम्पियन. एक असा ज्याच्याकडे किताब होता आणि एक असा ज्याच्याकडे अख्खं जग 'खरा' म्हणून बघत होतं. हा घोळ पुढे १३ वर्षं चालला, २००६ ला रशियातल्या एलिस्तामध्ये दोन्हीकडचे चॅम्पियन, क्रामनिक आणि टोपालोव, एकमेकांशी खेळले तेव्हा कुठे मिटला.

त्या मधल्या काळात फिडेचे अध्यक्ष होते रशियातल्या काल्मिकियाचे किर्सान इल्युमझिनोव, आणि त्यांच्या डोक्यात टेनिससारखा नॉकआउट होता. जुनी पद्धत कशी होती तर तीन वर्षांचं चक्र, आधी झोनल म्हणजे विभागीय स्पर्धा, मग इंटरझोनल, मग कँडिडेट्सच्या, म्हणजे चॅलेंजर ठरवणाऱ्या, लांबलचक मॅचेस आणि शेवटी चॅम्पियनशी महिनोन्महिने चालणारी मॅच. इल्युमझिनोव म्हणाले हे सगळं बंद, शंभर लोक एका हॉटेलात बोलवा, हरला की बॅग भरा, महिन्याभरात चॅम्पियन तयार. पहिला असा प्रयोग १९९७ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनला झाला, तो आपला विश्वनाथन आनंद जिंकला. पण त्यातही गंमत, म्हणजे गंमत आपल्यासाठी नाही, की कार्पोवला थेट फायनलला बसवलेलं होतं. आनंद सगळ्या राउंड खेळून दमलेला आणि लगेच काही दिवसांत लोझानला ताज्यातवान्या कार्पोवसमोर. सहा डाव ३-३ आणि मग रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, आनंद हरला. आजही कुणी जुना बुद्धिबळप्रेमी भेटला की हा विषय काढून बघा, रक्त उसळतं.

लास व्हेगासला चॅम्पियनची ही सवलत काढून टाकली म्हणून कार्पोव आलाच नाही. कास्पारॉव येणारच नव्हता. आणि आनंदही नव्हता, कारण कास्पारॉवशी मॅचची बोलणी चालू होती (ती मॅच शेवटी झालीच नाही). म्हणजे मैदानात तिघे मोठे नाहीत, पण बाकी जवळपास सगळं जग आहे. क्रामनिक, शिरॉव, इवान्चुक, जुडित पोल्गार, सगळे.

आता रेटिंगकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. बुद्धिबळातलं रेटिंग म्हणजे एलो नावाची पद्धत, आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्रोफेसरच्या नावाने. बरेच जण समजतात की रेटिंग म्हणजे बक्षीस किंवा पदवी, तसं नाही. रेटिंग हा फक्त अंदाज आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधला फरक सांगतो की ते खूप डाव खेळले तर सरासरी कुणाला किती गुण मिळतील. फरक शून्य असेल तर निम्मे निम्मे. दीडशेचा फरक असेल तर वरच्याला साधारण ७० टक्के गुण, खालच्याला ३०. चारशेचा फरक असेल तर वरच्याला नव्वदच्या वर. जिंकलात की अंदाजापेक्षा जास्त मिळालं म्हणून रेटिंग वाढतं, हरलात की कमी होतं, आणि तगड्याला हरवलं तर जास्त वाढतं. बस, एवढंच आहे.

लक्षात घ्या, '३० टक्के गुण' म्हणजे '३० टक्के डाव जिंकणं' नाही. ग्रँडमास्टर लेव्हलला ड्रॉ खूप होतात. समजा दीडशेचा फरक आहे आणि १०० डावांपैकी ४० ड्रॉ होतात असं आपण धरलं (हे मी समजायला सोपं जावं म्हणून धरतोय, माणसागणिक बदलतं). मग खालचा खेळाडू १० डाव जिंकेल, ४० ड्रॉ करेल आणि ५० हरेल. गुण मोजा, १० अधिक २०, झाले ३०. जमलं.

आता हेच दोन डावांच्या मॅचला लावा. खालच्याला पुढे जायचं असेल तर दोन्ही जिंकायला हवे, ती शक्यता शंभरात एक. किंवा एक जिंकायचा आणि एक ड्रॉ करायचा, कुठलाही आधी चालेल, ती शक्यता शंभरात आठ. झाले नऊ. आणि मॅच बरोबरीत सुटायची शक्यता किती? दोन्ही ड्रॉ म्हणजे सोळा, आणि एक तू एक मी म्हणजे दहा, मिळून शंभरात सव्वीस. बरोबरी झाली की टायब्रेक, म्हणजे फास्ट डाव, आणि तिथे वेळ कमी असल्याने चुका वाढतात, अंतर थोडं कमी होतं. त्या सव्वीसपैकी तिसरा हिस्सा जरी खालच्याला मिळाला तरी एकूण होतात अठराच्या आसपास. म्हणजे कागदावर बऱ्यापैकी कमकुवत असलेला माणूस दोन डावांच्या मॅचमध्ये पाच-सहा वेळांतून एकदा पुढे जातोच जातो. तेच बारा डावांची मॅच असती तर हा आकडा घसरून शंभरात दोन-तीन वर येतो. फरक खेळाडूत नाही पडला, डावांच्या संख्येत पडला.

म्हणून नॉकआउटमध्ये दर वेळी कुणीतरी 'अनोळखी' वर येणारच, हे ठरलेलं असतं. कोण येणार ते ठरलेलं नसतं एवढंच. सुरुवातीच्या राउंडला दोनच डाव, जसजसं वर जाल तसे डाव वाढतात, लास व्हेगासला फायनल सहा डावांची होती. आणि दोन डावांच्या मॅचचं डोक्यावर येणारं ओझं वेगळंच असतं. पहिला डाव हरलात तर दुसरा जिंकायलाच हवा, आणि समोरच्याला फक्त ड्रॉ पुरतो, तो काळे मोहरे घेऊन शांतपणे भिंत बांधतो, वजीर मारामारीत काढून टाकतो, आणि तुम्ही रिस्क घेत घेत स्वतःच कड्यावरून खाली. शिवाय तयारी. मोठ्या मॅचला खेळाडू महिनोन्महिने एका माणसाचा अभ्यास करतो. इथे आज रात्री कळतं की उद्या कोण समोर आहे. टायब्रेक झाला तर झोपही नाही. वरच्या खेळाडूंच्या शेकडो गेम्स डेटाबेसमध्ये सगळ्यांना पाठ असतात, आणि ब्राशोवहून आलेल्या पोराच्या गेम्स कोण कशाला बघून ठेवणार? हा फायदा कुणी बोलत नाही, पण असतो.

निसिपेआनू हा ब्राशोवचा. ट्रान्सिल्व्हेनियातलं, डोंगरांच्या कुशीतलं शहर, जर्मन लोक त्याला क्रोनश्टाट म्हणायचे कारण तिथे शेकडो वर्षं सॅक्सन जर्मन वस्ती होती, आणि १९५० ते १९६० या दहा वर्षांत सरकारने त्याचं नाव चक्क स्टॅलिनच्या नावावरून ठेवलं होतं. १९८७ च्या नोव्हेंबरात तिथल्या ट्रक फॅक्टरीतल्या कामगारांनी हुकूमशहा चाउशेस्कूच्या विरोधात रस्त्यावर येऊन दंगा केला, दोन वर्षांनी राजवटच गेली. निसिपेआनूचा जन्म १९७६ चा, म्हणजे ऐन पोरवयात त्याने हे सगळं आजूबाजूला घडताना बघितलेलं. १९९७ ला तो ग्रँडमास्टर झाला. ग्रँडमास्टर व्हायला काय लागतं तेही दोन ओळीत सांगतो, २५०० रेटिंग एकदा गाठायचं आणि तीन 'नॉर्म' मिळवायचे. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत २६०० च्या दर्जाचा खेळ करून दाखवणं, तेही समोर पुरेसे ग्रँडमास्टर आणि पुरेसे बाहेरच्या देशातले लोक असताना. म्हणजे गावातल्या मित्रांना हरवून चालत नाही.

आणि रोमानियाला बुद्धिबळ नवीन होतं असंही नाही. त्यांचा पहिला ग्रँडमास्टर फ्लोरिन घेओर्गिउ, १९६३ चा ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन, १९६५ ला ग्रँडमास्टर. त्याची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे कारण ती पण गणिताचीच आहे. १९६६ ला हवानाच्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, पहिल्या बोर्डाचं (संघातल्या पहिल्या खेळाडूचं) वैयक्तिक सुवर्ण टक्केवारीवर दिलं जायचं. बॉबी फिशर १७ डावांत १५ गुण, म्हणजे ८८.२३ टक्के. पेट्रोसियान १३ डावांत साडेअकरा, ८८.४६ टक्के. पाव टक्क्यापेक्षाही कमी फरकाने सुवर्ण पेट्रोसियानला. आणि फिशर त्या अख्ख्या स्पर्धेत एकच डाव हरला, तो घेओर्गिउशी. नुसती ड्रॉ झाली असती तरी टक्केवारी ९१ च्या वर जाऊन सुवर्ण फिशरचं होतं. फिशरने चार डाव जास्त खेळले, साडेतीन गुण जास्त मिळवले आणि तरी दुसरा. फिशर कमी खेळला असं कुणी म्हणेल का? मोजायची पद्धत तशी होती, दुसरं काय.

तर परत लास व्हेगासला. सेमीफायनलला निसिपेआनू खलिफमनकडून हरला. खलिफमन पुढे अकोपियनला साडेतीन-अडीच हरवून चॅम्पियन झाला, आणि तेव्हा खलिफमन जगात ४४ व्या नंबरवर होता. झालं, मग तर टीकेला पूर आला. कास्पारॉवने त्या स्पर्धेत वर पोचलेल्यांना 'टुरिस्ट' म्हणून हिणवलं. त्यावर सर्गेई मोवसेसियान, जो क्वार्टरफायनलला होता, तो भडकला आणि त्याने उघड पत्र लिहून जाब विचारला. मला विचाराल तर कास्पारॉवचा फॉरमॅटवरचा राग अर्धा बरोबर होता आणि खेळाडूंवरचा राग पूर्ण चूक होता. नॉकआउटने जगातला सर्वात चांगला खेळाडू शोधला जात नाही, मान्य, वरचं गणित तेच सांगतं. पण त्या गणितात हेही आहे की पाचात एक शक्यता एकदा आली तर ठीक, सलग दोनदा आली तर ती पंचवीसात एक होते, आणि त्याच्या आधीच्याही राउंड होत्याच की. एवढ्या वेळा पलीकडचा माणूस उठून जातो तेव्हा एक शंका घ्यायला हवी, की कदाचित त्या पोराचं रेटिंगच त्याच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहिलेलं असेल. रेटिंग हा मागच्या गेम्सचा हिशोब असतो ना. आणि तेविसाव्या वर्षी झपाट्याने सुधारणारा खेळाडू, जो पश्चिमेकडच्या मोठ्या स्पर्धांना फार बोलावला जात नाही, त्याचं रेटिंग नेहमीच थोडं उशिरा पोचतं.

शिरॉवचं मात्र मला वाईट वाटतं. १९९८ ला त्याने काझोर्लामध्ये क्रामनिकला हरवून कास्पारॉवशी खेळायचा हक्क मिळवला होता, ती मॅच पैशाअभावी झालीच नाही. उलट २००० साली कास्पारॉवसमोर बसला कोण, तर तोच हरलेला क्रामनिक, आणि त्याने कास्पारॉवला हरवून किताब घेतला. शिरॉवच्या नशिबी मधल्या मध्ये हा निसिपेआनू. आणि पुढच्या वर्षी फिडेच्या नॉकआउटच्या फायनलला पोचला तर समोर आनंद, साडेतीन-अर्धा. काही माणसांच्या पत्रिकेतच काहीतरी असतं.

तो लास व्हेगासचा निकाल नुसता फॉरमॅटचा फुगा होता का, हे कळायला सहा वर्षं लागली. २००५ ला वॉर्साला युरोपियन वैयक्तिक चॅम्पियनशिप झाली, १३ राउंड, दोनशेपेक्षा जास्त खेळाडू, आणि पद्धत स्विस. स्विसमध्ये कुणी बाद होत नाही, प्रत्येक राउंडला तुमच्याएवढेच गुण असलेल्याशी तुमची गाठ पडते. म्हणजे जितकं चांगलं खेळाल तितका समोरचा तगडा होत जातो, वर्गात पहिला आला की पुढच्या वर्षी सगळे पहिले आलेलेच वर्गात, तसं काहीसं. तिथे एखाद्या चांगल्या दिवशी दोन डाव मारून भागत नाही, दोन आठवडे टिकावं लागतं, एक डाव हरलात तर सावरायला वेळ मिळतो पण सगळ्यांनाच मिळतो. निसिपेआनूने १३ पैकी १० गुण घेतले आणि थेट पहिला आला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या यादीत त्याचं रेटिंग २७०७ झालं. म्हणजे ज्या २७०० वाल्यांना हरवलं म्हणून लोक 'टुरिस्ट, टुरिस्ट' करत होते, तो स्वतःच त्या क्लबात जाऊन बसला.

त्याचा खेळ कसा, तर आडवातिडवा अटॅकिंग. शांत पोझिशनमध्ये पन्नास चाली रेटत बसण्यापेक्षा प्यादं द्यायचं, कधी मोहराही द्यायचा, राजावर चाल करून जायची आणि समोरच्याला गोंधळात टाकायचं. अशा खेळाडूला नॉकआउट मानवतो आणि तसाच तो कधी फटकाही देतो.

या यशावर २००६ च्या एप्रिलमध्ये बुखारेस्टला त्याची व्हेसेलिन टोपालोवशी चार डावांची मॅच लावली गेली. टोपालोव तेव्हा फिडेचा वर्ल्ड चॅम्पियन, २८०० च्या वर. निकाल टोपालोवच्या बाजूने ३-१. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट वरचा हिशोब लावला तर शंभर गुणांच्या फरकाला चारात साधारण दीड गुण अपेक्षित असतात, एक मिळाला. पण घरच्या मैदानावर, अख्खा रोमानिया बघत असताना, लोकांना चमत्काराची अपेक्षा होती, आणि चमत्कार ऑर्डरवर होत नाहीत. त्यानंतर ट्रान्सिल्व्हेनियातल्या बाझ्नाला 'किंग्ज टूर्नामेंट' सुरू झाली, त्यात तो घरचा खेळाडू म्हणून असायचा, २०१० ला ती मॅग्नस कार्लसन येऊन जिंकून गेला. पण नियमित २७०० च्या वर राहणं निसिपेआनूला जमलं नाही. या पातळीला वर चढणं एक, आणि वर टिकणं वेगळंच, तिथे दर महिन्याला तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान कुणीतरी कॉम्प्युटर इंजिनवर घासून काढलेली ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चाली, घेऊन समोर येतो.

२०१४ ला त्याने फेडरेशन बदललं आणि जर्मनीकडून खेळायला लागला. आपल्याकडे हे वाचून लोक दचकतात, देश सोडला वगैरे, पण बुद्धिबळात हे चालतं. फिडेकडे अर्ज करायचा, जुन्या फेडरेशनला फी भरायची, रेटिंग जितकं जास्त तितकी फी जास्त. खेळाडू असं का करतो, तर मोठ्या देशात लीग असते, क्लब पैसे देतात, कोचिंग मिळतं, टीममध्ये सोबत मिळते. २०१५ ला डॉर्टमुंडच्या स्पर्धेत फॅबियानो कारुआना पहिला आणि वेस्ली सोच्या बरोबरीने निसिपेआनू दुसऱ्या नंबरवर. २०१७ ला तो जर्मनीचा नॅशनल चॅम्पियन झाला. चाळिशी ओलांडलेल्या माणसासाठी हे कमी नाही. गंमत म्हणजे नंतर उलटा प्रवाहही दिसला, हंगेरीचा रिचर्ड रॅपोर्ट २०२२ ला रोमानियाच्या झेंड्याखाली गेला, कारण आता रोमानियात स्पॉन्सर आले होते, आणि २०२४ ला परत हंगेरीत. बुखारेस्टची मोठी सुपरबेट स्पर्धा हा त्याच पैशाचा भाग, २०२५ ला ती आपल्या प्रज्ञानंदने जिंकली.

आणि ज्या नॉकआउटला एवढ्या शिव्या पडल्या, तो गेला का? अजिबात नाही. २००५ ला फिडेने वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी तो बंद केला, अर्जेंटिनातल्या सॅन लुइसला आठ जणांची राउंड रॉबिन (सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं) लावली, पण त्याच वर्षीपासून नॉकआउटला 'वर्ल्ड कप' असं नाव देऊन खाली बसवलं. आता तो चॅम्पियन ठरवत नाही, कँडिडेट्सला कोण जाणार त्यातले काही जण ठरवतो. म्हणजे अनोळखी माणसाला दार उघडं आहे पण सिंहासनावर बसायला पुढे अजून मोठी परीक्षा आहे. माझ्या मते ही बरोबर जागा आहे, आणि १९९९ लाच ही ठेवली असती तर त्या चौघांच्या वाट्याला एवढी कुचेष्टा आलीच नसती.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बटुमीला जिंकलेला महिला वर्ल्ड कप याच घराण्यातला. सीड होती १५ वी. फायनलला कोनेरू हंपी, दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव ड्रॉ, मग रॅपिडमध्ये पहिला ड्रॉ आणि दुसरा दिव्याचा. त्या एका स्पर्धेने तिला कँडिडेट्सची जागा दिली आणि एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर केलं, कारण नियमात तशी सोय आहे. तेव्हाही काही जणांनी नेटवर लिहिलंच, की नॉकआउट आहे, लक आहे. त्यांना वरचा शंभरात अठराचा हिशोब दाखवा आणि मग विचारा की सलग पाच-सहा राउंड तो अठरा कसा काय लागला.